मुठेचे पूल : हिंवाळ्यांतील एक फेरफटका

मार्गशीर्ष महिना लागला म्हणजे पुण्याच्या हवेंत एक प्रकारची स्वच्छता येते. पावसाळ्याचे ढग केव्हांच पांगलेले असतात. वारा आतां समुद्रावरून नव्हे, तर जमिनीवरून येत असतो, आणि त्यांत बाष्प थोडें असतें. आकाशावर ढगांचें पांघरूण नसल्यामुळें दिवसभर तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता मोकळ्या आकाशांत सोडून देते, आणि पहाटेच्या सुमारास पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. थंड हवा गरम हवेपेक्षां जड असते. ती पाण्याप्रमाणेंच उतारानें खालीं सरकते व सखल जागा शोधते. पुण्यांतील सर्वांत सखल जागा म्हणजे नदीचें पात्र. म्हणूनच पर्वतीवरून पहाटे पाहणाऱ्याला सारें शहर उघडें दिसत असतांना मुठेवर मात्र धुक्याचा एक लांबट पट्टा पसरलेला दिसतो. सूर्य वर आला, जमीन थोडी तापली, कीं हा पट्टा विरळ होत जातो, आणि नऊ-साडेनऊच्या सुमारास नदी व तिच्यावरील पूल लख्ख उन्हांत उघडे पडतात.

अशा एखाद्या सुट्टीच्या दिवशीं दहाच्या सुमारास लकडी पुलापासून निघून नदीच्या कडेकडेनें संगमापर्यंत चालत जाणें, हा पुण्यांतील अत्यंत स्वस्त आणि अत्यंत बोधप्रद असा विहार आहे. अंतर फार नाहीं. लहान मुलें बरोबर असलीं तरी तास-दीड तासांत तें आरामानें चालून होतें. वेळेची निवड मात्र महत्त्वाची. मुठा शहरांतून साधारणपणें नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे वाहते. हिंवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारींही तो पुण्याच्या क्षितिजापासून अवघ्या अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. त्यामुळें दहानंतर प्रवाहाच्या दिशेनें चालणाऱ्याच्या समोर येणाऱ्या प्रत्येक पुलाची दर्शनी बाजू, म्हणजे पाणी जिकडून येऊन आदळतें ती बाजू, उन्हानें उजळून निघते. दगडाचा प्रत्येक सांधा, खांबाची प्रत्येक धार स्पष्ट दिसते. कमानीची छाया पाण्यांत पडून वर्तुळ पुरें होतें. पूल पाहावयाचा तो अशा वेळीं.

परंतु या विहारांत पहिला प्रश्न विचारतें तें बहुधा बरोबरचें एखादें मूल, आणि तो प्रश्न उडवून लावण्यासारखा नसतो. पुलाच्या कठड्यावरून खालीं डोकावून तें म्हणतें, “पाणी तर एवढेंसें आहे; मग एवढा मोठा पूल कशाला?” खरोखरच, हिंवाळ्यांत पाहिलें तर विस्तीर्ण पात्राच्या मधोमध पाण्याची एक अरुंद धार वाहत असते. बाकी सर्वत्र काळा खडक, गाळ, गवत आणि झुडपें. दोन कमानींनीं भागलें असतें, तेथें पूल बांधणाऱ्यांनीं इतक्या कमानी कां उभारल्या? या एका प्रश्नाचें उत्तर शोधीत गेलें, तर मुठेचा आणि पुण्याचा अडीच-पावणेतीनशें वर्षांचा संबंध उलगडत जातो.

प्रथम नदीची ओळख. मुठा सह्याद्रींत उगम पावते. आंबी आणि मोसी या दोन नद्या तिला खडकवासल्याच्या वरच्या अंगास मिळतात. मुठेवर टेमघर, मोसीवर वरसगांव, आंबीवर पानशेत आणि या सर्वांचें पाणी जेथें एकत्र होतें तेथें खडकवासला, अशीं चार धरणें आज आहेत. यांपैकीं खडकवासल्याचें धरण सर्वांत जुनें. तें एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत बांधण्यांत आलें, आणि कर्नल फाइफ या अभियंत्याच्या नांवावरून त्याच्या जलाशयास ‘लेक फाइफ’ हें नांव मिळालें. पुढें १९०३ सालीं विश्वेश्वरय्या यांनीं शोधून काढलेले आपोआप उघडणारे दरवाजे याच धरणावर बसविण्यांत आले. पुण्यांत मुळा नदीला मिळाल्यानंतर मुळा-मुठा या जोडनांवानें ही नदी पूर्वेस जाते, भीमेस मिळते, आणि भीमेबरोबर कृष्णेंत शिरून अखेर पूर्वसमुद्रास पोंचते. मुंबईचा समुद्र इतका जवळ असतांना मुठेचें पाणी सारें दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जातें, ही गोष्ट मुलांना नकाशावर दाखविण्यासारखी आहे.

येथें एक लक्षांत ठेवावयास पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्यावर चार महिन्यांत जेवढा पाऊस कोसळतो, त्याच्या मानानें पुणें शहरांत पडणारा पाऊस थोडा असतो. शहरांत आकाश उघडलेलें असतांही वरच्या खोऱ्यांत धो धो पाऊस चालूं असूं शकतो. म्हणजे मुठेचा पूर हा पुण्याच्या आकाशांतून येत नाहीं. तो डोंगरांतून चालत येतो. ज्यांनीं येथें पहिले पूल बांधले, त्यांना हें ठाऊक होतें.

लकडी पुलाचें नांव पुण्यांत उपऱ्याला बुचकळ्यांत टाकतें, कारण त्यांत लांकडाची एक फळीही नाहीं. हें नांव जुन्या पुलाचें आहे. पानिपतची लढाई १७६१ सालच्या जानेवारीच्या १४ तारखेस झाली. त्याच वर्षीं नानासाहेब पेशव्यांच्या आज्ञेनें येथें लांकडी पूल उभारण्यांत आला. पानिपताहून परतणाऱ्या लोकांची सोय हा त्याचा हेतु होता, अशी पुण्याची परंपरागत समजूत आहे. नानासाहेब स्वतः त्या आघातांतून सांवरले नाहींत. जूनमध्यें पर्वतीवर त्यांचा अंत झाला. म्हणजे त्यांच्या कारकीर्दीच्या अखेरच्या कामांतील हें एक काम. तो लांकडी पूल पुढें पुरानें नेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पांचव्या दशकांत त्याच्या जागीं दगडी कमानींचा पूल आला. आज त्याचें अधिकृत नांव संभाजी पूल. पण पुणेंकराच्या जिभेवर लकडी पूलच आहे.

लांकडाच्या जागीं दगड आला तेव्हां केवळ सामान बदललें नाहीं, तर पुलाचें तत्त्वच बदललें. दोन पुस्तकांवर एक लांकडी पट्टी आडवी ठेवावी आणि मधोमध बोटानें दाबावी. पट्टी वांकते. तिचा वरचा पृष्ठभाग दाबला जातो व खालचा ताणला जातो. लांकडाला हा ताण बराचसा सोसतो, म्हणून ओंडके आडवे टाकून पूल करतां येतो. दगडाचें तसें नाहीं. दगड दाबला असतां प्रचंड भार सोसतो. पण ताणला असतां लौकर तडकतो. दगडाची लांब शिळा आडवी टाकून तिच्यावरून गाडे नेले, तर ती एक दिवस खालच्या बाजूनें फुटणारच. तेव्हां दगडाचा पूल करावयाचा तर दगडावर ताण येऊंच नये, केवळ दाब यावा, अशी युक्ति काढली पाहिजे. कमान ही ती युक्ति होय.

कमानीचे दगड पाचरीसारखे घडविलेले असतात. वरच्या अंगास रुंद, खालच्या अंगास अरुंद. प्रथम लांकडाचा अर्धवर्तुळाकृति साचा उभारून त्यावर दोन्ही बाजूंनीं हे दगड रचीत आणतात, आणि शेवटीं माथ्यावर मधला दगड ठोकून बसवितात. तो बसेपर्यंत सारा भार साच्यावर असतो. तो बसला, कीं प्रत्येक दगड शेजारच्यास रेटूं लागतो. खालीं पडूं पाहणारी प्रत्येक पाचर शेजारच्या दोन पाचरींत अधिकच घट्ट होते. मग साचा काढला तरी कमान उभी राहते, आणि वरून जितका भार पडेल तितकी ती आवळत जाते. हा रेटा अखेर कमानीच्या दोन्ही पायांकडे, खालीं आणि बाहेर, जातो. शेजारीं दुसरी कमान असेल तर दोघींचा बाहेरचा रेटा एकमेकींस तोलतो. टोंकाच्या कमानीस मात्र कांठावरच्या भरभक्कम बांधकामाचा आधार लागतो. कमानींची रांग एकमेकींच्या खांद्यास खांदा लावून उभी असते, असें म्हटलें तर तें केवळ अलंकारिक नव्हे. पूर्वीं या कामाचा चुना बैलांच्या घाणींत मळला जाई आणि तो वर्षानुवर्षें हळूहळू घट्ट होत जाई. पाया घेण्याच्या बाबतींत मात्र निसर्गच अनुकूल होता. मुठेच्या पात्रांत पुष्कळ ठिकाणीं काळा कातळ उघडा पडलेला आहे. गंगा-यमुनेच्या वाळूंत पूल बांधणाऱ्यांस पायासाठीं खोल विहिरी उतरवाव्या लागतात. त्या मानानें येथील काम सोपें.

लकडी पुलावरून खालीं उतरून उगवत्या पाण्याच्या बाजूनें पाहिलें, म्हणजे खांबांचा आकार ध्यानांत येतो. दगडी पुलाच्या खांबाची प्रवाहाकडील बाजू सपाट ठेवीत नाहींत. ती नांवेच्या नाळेसारखी टोंकदार किंवा गोलसर करतात. सपाट खांबावर पाणी आदळून उसळतें, भोंवरे होतात, आणि हे भोंवरे पायाजवळचा गाळ व गोटे उकरून काढतात. पूल बहुधा वरून मोडत नाहींत. ते खालून पोखरले जातात. टोंकदार खांब पाण्याला दुभागून दोन्ही कमानींत वाटून देतो. हिंवाळ्यांत या टोंकांवर बगळे ऊन खात बसलेले असतात, आणि त्यांचा मूळ उपयोग काय हें सांगूनही खरें वाटत नाहीं.

येथून पुढें गेल्यावर दोन अगदीं निराळ्या वृत्तीचे पूल जवळजवळ दिसतात. एक उंचावरून वळण घेत जाणारा काकासाहेब गाडगीळ पूल. वळणाच्या आकारावरून लोक त्याला ‘झेड पूल’ म्हणतात. दुसरा पाण्यापासून थोड्याच उंचीवर आडवा टाकलेला बाबा भिडे पूल. पहिला पुराच्या डोक्यावरून जाऊं पाहतो. दुसरा पुराशीं वादच घालीत नाहीं. धरणांतून मोठा विसर्ग झाला कीं भिडे पूल पाण्याखालीं जातो, आणि पाणी ओसरलें कीं पुन्हां वर येतो. उंच पुलास खर्च फार, उतार लांब. ठेंगण्या पुलास खर्च थोडा, पण वर्षांतील कांहीं दिवस तो नसल्यासारखाच. “भिडे पूल पाण्याखालीं गेला” हें वाक्य ऐकलें कीं पावसाळा खरा सुरू झाला असें पुणेंकर समजतो. पर्जन्यमापकापेक्षां या पुलावर त्याचा विश्वास अधिक.

उजव्या तीरावर आतां जुनें पुणें येतें. शनिवार पेठेच्या कडेस ओंकारेश्वराचें देऊळ आहे. तें अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकांत, थोरल्या बाजीरावांच्या काळीं बांधलें गेलें. शिवरामभट चित्राव यांनीं त्या कामीं पुढाकार घेतला होता. चिमाजीआप्पांची समाधि याच आवारांत आहे. घाटाच्या पायऱ्या, जाड तटासारखी भिंत आणि उंच जोतें पाहिलें म्हणजे एक गोष्ट कळते. नदीशेजारीं राहावयाचें तर तिची भेट कधीं घरापर्यंत येणार, हें बांधणाऱ्यांनीं धरूनच चालविलें होतें. नदी इतकी जवळ असतांही पेशव्यांनीं शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठीं मुठेवर भिस्त ठेविली नाहीं. नानासाहेबांनीं कात्रजच्या तलावापासून नळ आणून वाड्यांचे व पेठांचे हौद भरले. नदी स्नानासाठीं, देवासाठीं, अखेरच्या संस्कारासाठीं. पिण्यासाठीं कात्रजचें पाणी, अशी ती वाटणी होती.

समोरच्या तीरावर बालगंधर्व रंगमंदिर आहे. तें १९६८ सालीं उघडलें. आणि या दोहोंच्या मधून, नदीच्या पात्रांतच, काँक्रीटच्या उंच खांबांची एक रांग प्रवाहाच्या दिशेनें चालत गेली आहे. ही मेट्रो रेल्वे. गरवारे महाविद्यालय ते दिवाणी न्यायालय हा तिचा भाग १९२३ सालीं नव्हे, तर त्याच्या बरोबर शंभर वर्षांनीं, १ ऑगस्ट २०२३ रोजीं सुरू झाला. शंभर वर्षांचा उल्लेख अशासाठीं, कीं थोड्याच अंतरावर जो दगडी पूल लागतो तो त्या मागील काळांतला आहे. मेट्रोचा मार्ग हा खरोखर पूलच आहे. फरक इतकाच, कीं इतर पूल नदी ओलांडतात आणि हा नदीच्या लांबीनें जातो. काँक्रीटमध्यें पोलादाच्या सळ्या किंवा ताणलेल्या तारा घातलेल्या असतात. दाब काँक्रीट सोसतें, ताण पोलाद सोसतें. म्हणून येथें कमानीची गरज उरत नाहीं, आणि पट्टीसारखी सरळ तुळई एका खांबावरून दुसऱ्यावर ठेवतां येते. पट्टीचा जो दोष दगडाच्या बाबतींत अडला होता, तो पोलादानें दूर केला.

शनिवारवाड्यापासून जवळच जो रुंद दगडी पूल आहे, त्याला लोक ‘नवा पूल’ म्हणतात. तो विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभीं बांधण्यांत आला, आणि त्यावेळचे मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचें नांव त्यास देण्यांत आलें. पुढें त्याचा शिवाजी पूल झाला. लोकांनीं मात्र पहिल्या दिवशींच दिलेलें ‘नवा पूल’ हें नांव शंभरी उलटली तरी सोडलेलें नाहीं. पुण्यांतील पुलांच्या नांवांचा हा धर्मच दिसतो. गव्हर्नरांचीं नांवें दगडांत कोरलीं गेलीं, पण तोंडीं राहिलें तें साधें वर्णन. लांकडाचा तो लकडी पूल, नंतर झालेला तो नवा पूल, संगमाजवळचा तो संगम पूल, बंधाऱ्याजवळचा तो बंडगार्डनचा पूल. लकडी पूल दगडाचा आणि नवा पूल जुना, असें परस्थास सांगतांना पुणेंकरास थोडा अभिमानही वाटतो.

पुढें डेंगळे पूल ओलांडून चालणारा मनुष्य संगमापाशीं येतो. येथें वेलस्ली पूल, म्हणजेच संगम पूल, मुठेवरून जातो. सध्यांची दगडी इमारत १८७५ सालची. शेजारूनच आगगाडीचा पूल जातो. खंडाळा ते पुणें हा लोहमार्ग १८५८ सालीं सुरू झाला होता. याच संगमाजवळ इंग्रजांची रेसिडेन्सी होती. १८१७ सालच्या ५ नोव्हेंबरास खडकीची लढाई झाली तेव्हां एल्फिन्स्टन ती सोडून गेला आणि मराठी फौजेनें ती जाळली. आतां तेथें शांतता आहे. समोर अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, ज्याचा आरंभ १८५४ सालीं झाला आणि जेथून विश्वेश्वरय्या शिकून बाहेर पडले. पूल, धरणें आणि कालवे बांधणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या या दोन नद्यांच्या संगमाकडे पाहत शिकल्या. ज्यांच्या पायांत अजून बळ असेल त्यांनीं येथून पूर्वेस बंडगार्डनपर्यंत जावें. तेथील जुना फिट्झेराल्ड पूल १८६७ ते १८६९ या काळांत झाला. त्याच्या टोंकांस सिंहांच्या मूर्ति आहेत. शेजारीं नवा पूल झाल्यावर तो वाहनांस बंद करण्यांत आला, आणि आतां पायीं चालणाऱ्यास तेथें निवांत उभें राहतां येतें. खालीं उथळ पाण्यांत लांब गुलाबी पायांचे शेकाटे आणि शेंपटी हलवणारे धोबी हिंडत असतात. धोबी हिंवाळ्यापुरता उत्तरेकडून येणारा पाहुणा. उन्हाळा लागला कीं तो परत जातो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाहीं. एवढ्याशा पाण्याला एवढा मोठा पूल कशाला?

उत्तर असें, कीं पूल हा हिंवाळ्यांतील नदीसाठीं बांधलेला नसतो. वर्षाच्या तीनशें पांसष्ट दिवसांपैकीं तीनशें साठ दिवस त्याच्या बहुतेक कमानी रिकाम्याच असतात. त्या उरलेल्या पांच दिवसांसाठीं आहेत. किंबहुना कांहीं कमानी पन्नास वर्षांतील एका दिवसासाठीं आहेत. पुलाचा प्रत्येक खांब नदीच्या वाटेंतील थोडी जागा अडवितो. जितकी जागा अडली, तितकें पाणी वरच्या अंगास चढतें आणि उरलेल्या वाटांतून तितक्याच जोरानें धांवतें. म्हणून जाणता बांधणारा आधीं विचार करतो तो वरून गाडी कशी जाईल याचा नव्हे, तर खालून नदी कशी जाईल याचा.

पुण्यानें असा दिवस पाहिला आहे. १९६१ सालच्या जुलैच्या १२ तारखेस सकाळीं आंबीवरील पानशेतचें धरण, जें अद्यापि पुरतें पूर्ण झालें नव्हतें, तें फुटलें. तें पाणी खडकवासल्यावर येऊन कोसळलें, आणि ऐंशींहून अधिक वर्षें उभें असलेलें तें धरणही फुटलें. पाणी शहरांत शिरलें. लकडी पुलावरून पाणी गेलें. नारायण, शनिवार, कसबा या पेठांतील मातीविटांचे वाडे एकामागून एक बसले. खडकवासल्याचा जलाशयच रिता झाल्यामुळें, पुरांत बुडालेल्या शहराला पिण्यास पाणी उरलें नाहीं. पाणी ओसरलें तेव्हां दगडी कमानी जागेवर होत्या. पण त्यांच्या दोन्ही अंगांचें पुणें पूर्वीचें राहिलें नव्हतें. घर गेलेल्या कुटुंबांसाठीं गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या, आणि नदीकांठचीं माणसें टेकड्यांच्या पायथ्याशीं जाऊन राहिलीं. कित्येक घरांतून आजही कालगणना ‘पुराच्या आधीं’ आणि ‘पुरानंतर’ अशी होते.

तो पूर धरण फुटल्याचा होता. तसा पुन्हां येऊं नये अशीच सर्वांची इच्छा. परंतु धरणें सुस्थितींत असतांही नदी आपली जागा मागते. २०२४ सालच्या जुलैमध्यें वरच्या खोऱ्यांत अतिवृष्टि झाली. धरणांत येणारें पाणी सामावेनासें झालें आणि खडकवासल्यांतून सेकंदास पस्तीस हजार घनफुटांहून अधिक पाणी सोडावें लागलें. एक घनफूट म्हणजे सुमारें अठ्ठावीस लिटर. म्हणजे दर सेकंदास जवळजवळ दहा लक्ष लिटर पाणी. सिंहगड रस्त्याच्या बाजूस एकतानगरीच्या घरांत तें शिरलें. तेथील पुष्कळांनीं घर घेतलें तेव्हां नदी बारीक, दूर आणि निरुपद्रवी दिसत असेल.

या संबंधांत दोन रेषांची माहिती प्रत्येक नागरिकास असावी. पाटबंधारे खातें नदीच्या दोन्ही तीरांवर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आंखतें. पंचवीस वर्षांतून सरासरीनें एकदां येणाऱ्या पुराचें पाणी जेथवर पोंचेल ती निळी. शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती लाल. पुष्कळांची समजूत अशी असते, कीं एकदां पूर येऊन गेला म्हणजे आतां पंचवीस वर्षें निर्धास्त. तें बरोबर नाहीं. याचा अर्थ एवढाच, कीं दरवर्षीं असा पूर येण्याचा संभव पंचविसांत एक आहे. मागील वर्षीं तो आला असला तरीही. सोंगट्यांच्या फांशावर एकदां सहा पडले म्हणून पुढच्या खेपेस ते पडणार नाहींत असें जसें म्हणतां येत नाहीं, तसेंच हें.

हिंवाळ्यांतील मुठा बारीक दिसते याचें आणखीही एक कारण आहे. पावसाळा संपला कीं धरणांतील पाणी नळांत आणि कालव्यांत जातें. नदीच्या वाट्यास फारसें येत नाहीं. पात्रांतून वाहतें त्यांत शहराच्या सांडपाण्याचा मोठा भाग असतो, आणि ऊन चढलें कीं तें नाकास कळतें. ज्या शहरास ही नदी पाणी देते, तें शहर तिला काय परत देतें, हें पुलाच्या कठड्यापाशीं उभें राहून टाळतां येत नाहीं. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा यांच्या मिळून चव्वेचाळीस किलोमीटर लांबीच्या कांठांचा विकास करण्याची महानगरपालिकेची योजना २०२२ पासून चालूं आहे. कांठ स्वच्छ व्हावा, लोकांना फिरावयास वाट मिळावी, हा तिच्या समर्थकांचा हेतु. बांधीव कांठांनीं नदीचा पट आकसेल, जुनी झाडें जातील आणि पुराचें पाणी चढेल, ही तिच्या टीकाकारांची भीति. या वादांत कोणत्याही पक्षाचा असला तरी नागरिकानें आधीं नदीकडे पाहावें. आणि नुसती हिंवाळ्यांतील धार नव्हे, तर जुन्या पुलाची पहिली कमान कोठें सुरू होते आणि शेवटची कोठें संपते तें पाहावें. ज्यांनीं त्या कमानी मोजून ठेविल्या, त्यांच्याजवळ आजचीं गणितयंत्रें नव्हतीं. परंतु नदीला किती जागा लागते हें त्यांनीं पुरांत वाहून गेलेल्या पुलांवरून शिकून घेतलें होतें.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं मुलें आहेत त्यांनीं या हिंवाळ्यांत एकदां हा विहार अवश्य करावा. लकडी पुलाखालीं उभें राहून मुलाला कमानी मोजावयास सांगाव्या, त्यांतील किती कमानींखालून पाणी वाहतें आहे तें पाहावयास सांगावें, आणि उरलेल्या कोरड्या कमानी कोणासाठीं राखून ठेविल्या आहेत असें विचारावें. त्या वेळीं वरून मोटारी जात असतील, कोरड्या दगडांवर कोणी गोधड्या वाळत घातल्या असतील, आणि नदी पलीकडच्या कडेनें हळूहळू संगमाकडे जात असेल. मूल थोडा विचार करील. बहुतकरून त्याला उत्तर सांपडेल.